तिसरा सीझन

त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. गाडी चालवताना बसत असणार, पण सिग्नलला गाडी थांबली की ते दार उघडून एक पाय रस्त्यावर ठेवत, हे मी मागच्या गाडीतून स्वतः पाहिलंय. दुबईतल्या आमच्या अल बर्शाच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ताट हातात घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बाल्कनीत असे चालत चालत जेवले. पाहुणा उभा म्हणून माझा नवरा उभा राहिला. नवरा उभा म्हणून मी. मुलगी तेवढी खुर्चीत बसून, "व्हाय इज एव्हरीवन स्टँडिंग?" असं विचारत होती. आमटीचा मात्र कुठे थेंब सांडला नाही. शेख झायेद रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात ते बँक्वेट मॅनेजर होते. भरलेली ताटं हलती ठेवणं हाच त्यांचा धंदा.

"बसा हो जरा," मी पुन्हा म्हटलं.

"बसलं की बसलंच, वहिनी," ते बाल्कनीतून म्हणाले. "आमच्या वसईला माझे सगळे काका बसले. एकेक करून. आता उठवायला माणूस लागतो."

हे गृहस्थ आमच्या मुलांच्या बॉक्स लॅक्रॉस टीमचे कोच होते. हा खेळ दुबईतल्याही बहुतेकांना ठाऊक नाही, तेव्हा तुम्हाला नसला तर वाईट वाटून घेऊ नका. फळ्यांनी चारी बाजूंनी बंद केलेलं मैदान, आइस हॉकीचं असतं तसं, पण बर्फाशिवाय. दोन्हीकडची पाच-पाच पोरं पळतात आणि एकेक गोलकीपर असतो. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळीची झोळी. चेंडू त्या झोळीत झेलायचा आणि झोळीतूनच फेकायचा. चेंडू भरीव रबराचा, लागला की चार दिवस निळं राहतं. माझ्या सासूबाईंनी फोटो पाहिला आणि विचारलं, "फुलपाखरं पकडायला एवढं हेल्मेट कशाला?"

आमची ओळख आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टपाशी झाली. मुलगी लिफ्टच्या दारात उभी राहून फोनमध्ये बघत होती. आत जाणारे बाहेर अडकलेले, बाहेर पडणारे आत. "अगं सरक की!" मी ओरडले. तेवढ्यात काळा सूट घातलेले एक गृहस्थ उजवीकडून घुसायला गेले. ही नकळत उजवीकडे सरकली. ते डावीकडून गेले, ही डावीकडे. फोनवरची नजर काढली नाही.

"तुमची मुलगी दार अडवते," ते मला मराठीत म्हणाले.

"सॉरी हं."

"सॉरी कसलं? कितवीत आहे?"

पुढच्याच शुक्रवारी ती अल क्वोजमधल्या एका गोदामात, स्वतःच्या दुप्पट जाडीचे पॅड बांधून गोलसमोर उभी होती. तिला पळायला आवडत नाही हे मी दहा वेळा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पळायला बाकीचे आहेत. ही न हलणारी पोर मला आयुष्यभर मिळाली नव्हती."

आता अल क्वोजचं ते गोदाम. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला मार्बल कापायचा कारखाना. एसी होता, पण तो चालू आहे हे विश्वासावर मानायचं. मैदानाच्या फळ्या यांनी हॉटेलच्या जुन्या लग्नाच्या स्टेजमधून आणल्या होत्या. मागून पाहिलं तर त्यांवर सोनेरी रंगाची वेलबुट्टी तशीच होती. राखीव खेळाडूंना बसायला जो बाक असतो तो आमच्याकडे नव्हता. होता, पण तो यांनी टायरवाल्याला देऊन टाकला. पोरं उभी. पालक उभे. पालकांपैकी एकजण एकदा घडीची खुर्ची घेऊन आला, तर हे त्याच्यासमोर येऊन इतक्या फेऱ्या घालायला लागले की तो बिचारा स्वतःच उठला.

ऑफिस सुटलं की हॉटेलच्या सूटमध्येच यायचे. कोट काढून फळीवर टाकायचा, टाय खिशात, शिट्टी गळ्यात. छातीवरची नावाची पट्टी तशीच राहायची. मग दोन तास चालणं. मैदानाच्या बाहेरून, फळीला हात लावत, गोल गोल. बोलणं सतत. आमची बहुतेक पोरं त्यांच्याकडे न बघता, आवाज कुठून येतोय त्यावरून चेंडू कुठे आहे ते ओळखायला शिकली होती.

खेळ शिकले कुठे, तर कॅनडात. तिथल्या एका छोट्या गावातल्या हॉटेलात त्यांनी काही वर्षं काढली होती. हिवाळ्यात तिथल्या रिंकवर बर्फ, उन्हाळ्यात बर्फ काढून हा खेळ. संध्याकाळी करमायचं नाही म्हणून जाऊन उभे राहत. उभाच आहेस तर दार धर, असं कोणीतरी सांगितलं. म्हणजे काय, ते सांगायला हवं. या खेळात दमलेला खेळाडू बाहेर येतो आणि ताजा आत जातो, पण त्यासाठी खेळ थांबत नाही. चालू खेळातच फळीतल्या छोट्या दारातून ही ये-जा चालते. बाहेर येणारा दारापाशी पोचल्याशिवाय आत जाणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर मैदानात एक माणूस जास्त, आणि शिक्षा. ते दार उघडायला-लावायला एक माणूस लागतो. कॅनडात तो माणूस म्हणजे हे.

आमच्या टीममधल्या एका मल्याळी मुलाचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी एकदा आदराने विचारलं, "सो यू कोच्ड ज्युनिअर्स इन कॅनडा?"

"आय वॉज ऑन द डोअर," यांनी सांगितलं. मी चंद्रावर होतो, असं सांगावं तसं.

बँकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटल्या मोजायला लागले. मी जेबेल अलीला एका मालवाहतूक कंपनीत काम करते, कंटेनर वेळेवर हलवणं हे माझं काम. त्यामुळे टीमची मॅनेजर मीच असणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"गोल कोणीही मारतं," ते पोरांना सांगायचे. "गेम दारात जिंकतात."

पोरं सगळीकडची. दोन मल्याळी, एक इजिप्शियन, फिलिपिनो भाऊ, एक श्रीलंकन मुलगी, एक लेबनीज, आणि मराठी म्हणावी तर माझी मुलगी, जी घरात माझ्या मराठी प्रश्नांना इंग्लिशमध्ये उत्तरं देते. समोरच्या टीममध्ये कोणाला ना कोणाला इंग्लिश, हिंदी, अरबी येणारच. तेव्हा समोरच्याला कळू नये अशी भाषा एकच उरली. यांनी सगळे इशारे मराठीत ठरवले. आत. बाहेर. फिरव. थांब. घे. सोड. मागे बघ. इजिप्शियन पोरगा धावता धावता "फिरव रे, फिरव!" म्हणून ओरडायचा, 'र' अगदी ठसठशीत. फिलिपिनो भावांतल्या धाकट्याला 'सोड' हा शब्द इतका आवडला की तो घरी आईलाही तेच सांगायचा.

आणि 'येतो'.

मैदानातून बाहेर पडणाऱ्याने ओरडायचं असतं, म्हणजे दारातल्याला कळतं. पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, जाताना काय म्हणायचं. माझी मुलगी, भाषेची तेवढीच पुंजी, म्हणाली, "जाते?"

हे चालायचे थांबले. हे क्वचित व्हायचं.

"बाय, जाते म्हणायचं नाही. घरातून निघताना आई काय म्हणते?"

"शी सेज, येते."

"बरोबर. जातो म्हटलेला माणूस जातो. आपल्यात येतो म्हणतात. इथे बाहेर पडणारा पोरगा ओरडणार, येतो. पोरगी ओरडणार, येते. खलास."

बाकीच्या पोरांना काय, तो एक आवाज होता. येतो म्हणजे मी दमलो, बाहेर येतोय, दार उघडा. कोणाला अडचण आली नाही. दोन सीझन आमच्या दाराचं काम घड्याळासारखं चाललं. त्या वेळी सगळ्या अमिरातीत मिळून या वयाच्या चार टीम होत्या, आणि दाराच्या बाबतीत आमच्या जवळपास कोणी नव्हतं. गोल मारण्याच्या बाबतीत सगळेच आमच्या पुढे होते, ती गोष्ट वेगळी.

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता: तिसरा सीझन. आमच्या आधी त्यांनी दोन टीम उभ्या केल्या होत्या. पहिली शारजात, एका शाळेच्या हॉलमध्ये. दुसऱ्या वर्षी निम्म्या पोरांच्या बापांच्या बदल्या झाल्या आणि टीम संपली. दुसरी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. तिथल्या दिव्यांनी आणि भरीव चेंडूने एकमेकांना दोन सीझन सहन केलं, मग हॉलवाल्याने हात जोडले. आमची तिसरी.

"दोन वर्षांचा व्हिसा असतो," ते मला सांगायचे, चालत. मी शेजारून जवळजवळ पळत. "घराचा करार संपतो. शाळा परवडत नाही. दोन वर्षांत सगळा स्टाफ बदलतो, वहिनी, हॉटेलात काय आणि बिल्डिंगमध्ये काय. दोन सीझन म्हणजे शिबिर. तिसऱ्या सीझनला जी पहिल्या सीझनची पोरं घेऊन उभी राहते ती टीम. मला एक टीम पाहिजे. एक."

"इन्शाल्ला," मी म्हणायचे. मला कामावर पण लोकांना हेच सांगावं लागतं.

दुसऱ्या सीझनला आम्ही चुकून फायनलला पोचलो. दोन टीमच्या पोरांना ताप आला, हे खरं कारण. फायनल आमच्याच गोदामात होती. आणि तोपर्यंत आमच्यात एक नवा मुलगा आला होता. पुण्याचा. वडिलांची बदली झालेली, मुलगा तोवर मराठी शाळेत शिकलेला. चपळ, सभ्य, चष्म्यावरून पट्टा बांधून खेळणारा. आमच्या सगळ्या टीममध्ये मराठी खरोखर येणारा एकटाच.

शेवटची काही मिनिटं. बरोबरी. दारावर कोच स्वतः. इजिप्शियन पोरगा मैदानात दमलेला, धापा टाकतोय, पण अजून ओरडलेला नाही. दारात पहिला नंबर पुण्याच्या मुलाचा. त्याला दिसलं की हा आता कोसळणार. मदतीला निघालेला कोणताही शहाणा मराठी मुलगा जे म्हणेल तेच तो जोरात म्हणाला:

"येतो! येतो!"

आणि आत गेला.

फळीपाशी त्याच्यामागे उभ्या असलेल्या फिलिपिनो मुलाने 'येतो' ऐकलं. म्हणजे कोणीतरी बाहेर येतंय. त्याने फळीवरून उडी मारली. इजिप्शियन पोराने 'येतो' ऐकलं. म्हणजे दुसरा कोणीतरी बाहेर चाललाय, आपण थांबायला हवं. तो थांबला. मैदानात पाच असायला हवेत तिथे आमचे सात. रेफरी, एक धिप्पाड कॅनेडियन, शिट्टी वाजवून बोटाने मोजायला लागला. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. त्याचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता.

एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. त्या दोन मिनिटांत गोल. फायनल गेली.

शेकहँड व्हायच्या आत हे पुण्याच्या मुलासमोर उभे.

"येतो कोण म्हणालं?"

"मी."

"तू कुठे चालला होतास?"

"आत."

"मग येतो का म्हणालास?"

"येत होतो म्हणून."

"आत शिरणारा येतो म्हणत नाही! आत शिरणारा आलो म्हणतो! घरात शिरताना काय म्हणतोस?"

"आलो."

"मग?"

"पण काका," मुलगा चष्मा पुसत म्हणाला, "मी तोवर आलो नव्हतो ना."

मला हसू आलं. ती वेळ नव्हती, म्हणून मी हेल्मेटं गोळा करायला वाकले. तोवर मुलाची आई पुढे आली होती. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "व्याकरणाने अगदी बरोबर आहे."

"आमच्या वसईला असं म्हणत नाहीत."

"वसईचं मला माहीत नाही," ती म्हणाली. पुण्याचा माणूस हे वाक्य ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात.

बँकवाले वडील लाल झाले होते. "व्हॉट इज द इश्यू?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की आमच्या भाषेत निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात.

"अँड व्हेन यू आर ॲक्च्युअली कमिंग?"

"तेव्हाही तेच."

"देन हाऊ डू यू नो?"

मी विचार केला. "माणसाचं तोंड कुठे आहे ते बघतो," मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

त्यांनी हेल्मेट घातलेल्या, जाळीमागे तोंड नसलेल्या त्या सगळ्या पोरांकडे पाहिलं आणि आपल्या मुलाची काठी उचलली. तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण इथे संपत नाही.

पुढच्या आठवड्यात पालक एका कॅफेटेरियाबाहेर कडक चहा घेत जमले. मागणी साधी होती: इशारे इंग्लिशमध्ये करा. मी कोचना आधीच विचारून आले होते. उत्तर होतं, "जातो म्हणायला लावू? मुलांना?" इंग्लिशमध्ये 'जातो' म्हणायची गरज नाही, नुसता 'चेंज' म्हणता येतं, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांना तो शब्द पटला नाही. सुट्टे पैसे मागितल्यासारखं वाटतं, म्हणाले.

बँकवाले मुलाला काढणार होते. फिलिपिनो भावांची आई काढणार होती, म्हणजे एकदम दोन कमी. पुण्याची आई तर काढूनच आली होती. एवढी पोरं गेली की टीम उरत नव्हती. आणि शाळेत शिकवणारा एक तरुण कॅनेडियन कोच व्हायला तयार होता. हात वर करायची वेळ आली तेव्हा मीही केला. आजही करेन. टीमला तिसरा सीझन दिसायचा तर कोच जायला हवा होता. एवढा साधा हिशोब कंटेनरमध्येही असतो: एक पेटी उतरवा, बाकीचा माल निघतो.

सांगायचं काम अर्थात माझं.

त्यांच्या हॉटेलात गेले. कुणाच्या तरी लग्नाची तयारी चालली होती. भला मोठा हॉल, गोल टेबलं, आणि हे टेबलाटेबलांतून चालत काटे-चमचे सरळ करत होते. त्यांना थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून मी चालता चालता सांगितलं.

"कोण येतोय?" त्यांनी एक नॅपकिन उलगडून पुन्हा घडी घातली.

"एक कॅनेडियन. शिक्षक आहे."

"दार कोण बघणार?"

"तो बघेल."

"त्याला नाही जमणार. कॅनडात दार बघायला वेगळा माणूस असतो." पुढचं टेबल. "खलास?"

"खलास," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणखी दोन टेबलांवरचे चमचे सरळ झाले. माझ्याकडे रागाची, रडण्याची, नवऱ्याला फोन करण्याची, सगळ्याची तयारी होती. ते म्हणाले, "पोरं कोण कोण राहतायत?"

मी नावं सांगितली. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते.

"आणि आपली गोलकीपर?"

"राहतेय."

"मग होईल तिसरा. होईल." आणि लगेच, "वहिनी, दारातून बाजूला. सूप येतंय."

मी बाजूला झाले. ट्रे घेतलेल्या वेटरांची रांग माझ्या नाकासमोरून गेली. ती संपेपर्यंत हे हॉलच्या पलीकडच्या टोकाला पोचले होते.

उन्हाळा आला. दुबईचा उन्हाळा म्हणजे अर्ध्या घरांना कुलूप. कोण सुट्टीला गेलंय आणि कोण कायमचं, हे सप्टेंबरात कळतं. आमची पोरं परत आली, मी रोज फोन करून खात्री करत होते. पण चार टीमपैकी एक आली नाही. लीग चालवणाऱ्या बाईंनी मला स्पष्ट सांगितलं: तीन टीमवर लीग होत नाही. हॉलवाले तारखा देत नाहीत, रेफरी येत नाहीत. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी मुलांना बोलवू, मजेत खेळू द्या, मेडल देऊ.

"सीझन नाही?" मी विचारलं.

"सीझन नाही."

मी अबू धाबीला फोन केले, शारजाला केले. शाळांना ईमेल केल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच: छान कल्पना आहे, पुढच्या वर्षी बघू. इथे पुढचं वर्ष म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मुलगीही अस्वस्थ होती. गोलकीपर झाल्यापासून ती घरात दारं अडवायची थांबली होती, आता पुन्हा सुरू झालं. "आर वी अ टीम ऑर नॉट?" तिने फ्रिजसमोर उभं राहून विचारलं. मला दूध काढायचं होतं.

ऑक्टोबरात लीगच्या बाईंचा फोन आला. चौथी टीम आली आहे. अल ऐनची.

"अल ऐनला हा खेळ कोण खेळतं?"

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात सुरू झाली. कोच तुमच्या ओळखीचे आहेत."

पहिलाच सामना आमचा आणि अल ऐनचा, अल ऐनला. दीड तासाचा सरळ रस्ता, दोन्हीकडे वाळू आणि उंटांसाठीचं कुंपण. मुलगी मागच्या सीटवर पॅडमध्ये पाय अडकवून झोपली होती. शाळेच्या जिममध्ये तात्पुरत्या फळ्या उभ्या केलेल्या. आणि त्या फळ्यांना हात लावत, गळ्यात शिट्टी, छातीवर नव्या हॉटेलची नावाची पट्टी, हे चालत होते. त्यांनी इकडच्या एका शाखेत बदली मागून घेतली होती. अल ऐन म्हणजे शांत गाव, संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नाही. एवढ्या शांततेत हा माणूस राहतो कसा, ते मला समजेना.

"बरं आहे हो," ते म्हणाले. "ट्रॅफिक नाही. चालायला जागा आहे."

मी त्यांची टीम पाहत होते. एका पोराने काठी उलटी धरली होती. दुसऱ्याचं हेल्मेट पुढचं मागे. गोलकीपर भिंतीवरचा बास्केटबॉलचा बोर्ड बघत होता.

"टीम चांगली आहे," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं.

"टीम कुठली? शिबिर आहे हे. पहिलं वर्ष." ते पुढे सरकले होते, मी मागे. "टीम तुमची. पंगतीला चौथं पान कमी पडत होतं, ते मांडलं. या आत, यल्ला, रेफरी थांबलाय."

आम्ही त्यांना धुतलं. याला दुसरा शब्द नाही. नव्या कोचने शिस्तीत 'चेंज, चेंज' करून पोरं आत-बाहेर केली. एकदाही चूक नाही. अल ऐनचे पालक टाळ्या वाजवत होते, बिचाऱ्यांना वाटत होतं की चेंडू झेलला तरी गुण मिळतो. पुण्याच्या मुलाने दोन गोल केले. तो शेवटी राहिला होता. आईचं वसईबद्दलचं मत बदललं नव्हतं, पण कोच बदलला होता.

शेवटच्या भागात मात्र त्यांचा एक उंच सुदानी पोरगा चेंडू घेऊन एकटाच सुटला. आमचे सगळे पुढे गेलेले. मध्ये कोणी नाही, फक्त माझी मुलगी. तिची जुनी खोड अशी की असं कोणी अंगावर आलं की ती मागे मागे गोलमध्ये शिरते. ती मागे सरकायला लागली. नवा कोच काही म्हणायच्या आत समोरच्या फळीवरून आरोळी आली:

"बाय, पुढे ये! पुढे! अगं पुढे ये ना!"

ती दोन पावलं पुढे आली. चेंडू तिच्या छातीवर आपटला आणि खाली पडला.

आमची पोरं ओरडली. अल ऐनच्या टाळ्या अर्ध्यातच थांबल्या. माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, तिथल्याच इस्पितळातल्या डॉक्टर, ड्युटीवरून थेट आलेल्या. सुदानी पोरामागे धापा टाकत पळणारा, उलट्या काठीवाला पोरगा त्यांचा. त्या आपल्या कोचकडे बघत होत्या. कोच दोन्ही हात वर करून माझ्या मुलीला शाबासकी देत होते.

"उन्होंने क्या बोला?" त्यांनी मला विचारलं.

"आगे आ."

"किसको?"

"मेरी बेटी को."

त्यांना हे समजायला थोडा वेळ लागला. "पर गोल तो हमारा हो रहा था!"

"हां."

"तो ये कोच हैं किसके?"

मैदानात पुन्हा चेंडू टाकला गेला होता. मला आमच्या दाराकडे बघायचं होतं.

"फिलहाल," मी म्हटलं, "आपके."